विश्लेषण : ‘सेव्ह झाले’ म्हणजे खरेच डिस्कवर उतरले का?

बिल केले, पडद्यावर ‘सेव्ह झाले’ असा संदेश आला, तेवढ्यात वीज गेली. संगणक पुन्हा सुरू केला तर शेवटच्या चार नोंदी गायब. कधी तर वीजही जात नाही, काही बिघडल्याचेही दिसत नाही, तरी काल भरलेली माहिती आज सापडत नाही. पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट, पतसंस्थेची दैनंदिन ठेव, सोसायटीचा मेंटेनन्स, किराणा दुकानाची उधारी हे सगळे आता कुठल्या ना कुठल्या डेटाबेसमध्ये असते. त्यामुळे हा प्रश्न केवळ प्रोग्रॅमरचा राहिलेला नाही. जगभर बँकांपासून सरकारी खात्यांपर्यंत वापरल्या जाणाऱ्या पोस्टग्रेस या डेटाबेसमध्येही डिस्कवर लिहिण्याबाबतचे एक चुकीचे गृहीतक सुमारे 20 वर्षे तसेच राहून गेले होते, हे 2018 मध्ये उघड झाले. डिस्कवर लिहिताना नेमके काय बिघडते आणि अ‍ॅप बनवणाऱ्याने ते शोधायचे कसे, याविषयी…

‘सेव्ह’ केल्यावर माहिती जाते कुठे?

प्रोग्रॅम जेव्हा फाइलमध्ये काही लिहितो, तेव्हा ते लगेच डिस्कवर जात नाही. ऑपरेटिंग सिस्टीम ते आधी मेमरीत, म्हणजे रॅममधल्या एका राखीव भागात ठेवते. त्याला पेज कॅश म्हणतात. डिस्क मेमरीच्या तुलनेत फार हळू असते, म्हणून सिस्टीम अशी बरीच पाने साठवते आणि सवडीने डिस्कवर उतरवते. न उतरवलेल्या पानांना ‘डर्टी’ म्हटले जाते. लिनक्समध्ये मूळ सेटिंगनुसार असे पान सुमारे 30 सेकंद मेमरीत राहू शकते. तोवर प्रोग्रॅमला मात्र ‘लिहिले’ असे उत्तर मिळालेले असते.

गावाकडे पत्र टपालपेटीत टाकण्यासारखाच हा प्रकार. पेटीत टाकले म्हणजे पोहोचले असे नाही. पोच हवी असेल तर रजिस्टर करावे लागते. संगणकात ही पोच मागण्याच्या कॉलचे नाव आहे ‘एफसिंक’. या फाइलची सगळी डर्टी पाने डिस्कवर गेली की मगच उत्तर दे, असे प्रोग्रॅम त्यातून सिस्टीमला सांगतो. त्यातही खाचाखोचा आहेत. डिस्कच्या आत स्वतःची छोटी कॅश असते. अ‍ॅपलच्या मॅकओएसवर साधा एफसिंक माहिती डिस्कपर्यंत नेतो, पण डिस्कला तिची स्वतःची कॅश रिकामी करायला सांगत नाही. त्यासाठी ‘एफ फुलएफसिंक’ नावाची वेगळी आज्ञा द्यावी लागते.

डेटाबेस यावर काय तोडगा काढतो?

जुन्या पेढीवरची पद्धत आठवून पाहावी. व्यवहार झाला की तो आधी रोजकीर्दीत, घडला त्या क्रमाने. मग सवडीने त्याची खतावणी. दिवाणजी खतावणी अर्धवट टाकून उठला तरी रोजकीर्दीवरून ती पुन्हा पूर्ण करता येते. डेटाबेस नेमके हेच करतो. बदल आधी एका लॉग फाइलमध्ये लिहायचा, तिथे एफसिंक करून पोच घ्यायची आणि मगच ‘कमिट झाले’ म्हणायचे. मूळ तक्त्यांच्या फाइली नंतर, सावकाश. या लॉगला ‘राइट अहेड लॉग’ किंवा थोडक्यात ‘वॉल’ म्हणतात. ठरावीक काळाने मूळ फाइलीही एफसिंक करून डिस्कवर पक्क्या केल्या जातात. त्याला चेकपॉइंट म्हणतात. चेकपॉइंट झाला की त्याआधीचा लॉग निरुपयोगी ठरतो आणि काढून टाकला जातो.

म्हणजे सगळी भिस्त एकाच गोष्टीवर: एफसिंकने ‘झाले’ म्हटले की ते झालेलेच असले पाहिजे.

2018 मध्ये पोस्टग्रेसमध्ये काय सापडले?

मार्च 2018 मध्ये क्रेग रिंगर या पोस्टग्रेस विकासकाने सहकाऱ्यांसमोर एक प्रकरण मांडले. एका वापरकर्त्याच्या सर्व्हरवर स्टोरेजमध्ये तात्पुरती त्रुटी आली होती आणि नंतर डेटा बिघडलेला आढळला. त्रुटी स्टोरेजची होती, पण ती सावरण्याऐवजी पोस्टग्रेसने ती पुढे जाऊ दिली होती.

झाले ते असे. चेकपॉइंटच्या वेळी पोस्टग्रेसने एफसिंक केला. डिस्कने लिहायला नकार दिल्याने लिनक्सने ‘एरर’ असे उत्तर दिले. पोस्टग्रेसने ते नोंदवले, चेकपॉइंट रद्द केला आणि थोड्या वेळाने पुन्हा एफसिंक केला. हे कोणालाही शहाणपणाचेच वाटेल. दुसऱ्या वेळी उत्तर आले, ‘यशस्वी’. पोस्टग्रेसने चेकपॉइंट पूर्ण मानला आणि जुना लॉग काढून टाकला.

पण मधल्या काळात लिनक्सने ती पाने ‘स्वच्छ’ म्हणून चिन्हांकित केली होती. लिहिणे फसले, ते एकदा कळवले, आपले काम संपले, असा त्याचा हिशेब. दुसऱ्या एफसिंकच्या वेळी उतरवायला डर्टी पान उरलेच नव्हते, म्हणून उत्तर ‘यशस्वी’. डिस्कवर जुनीच माहिती, लॉग पुसलेला. खतावणीचे पान कोरे आणि रोजकीर्द रद्दीत. शिवाय लिनक्सच्या काही आवृत्त्यांमध्ये ही एरर चुकीच्या प्रोग्रॅमला कळवली जाण्याची किंवा कोणालाच न कळण्याची शक्यता होती, कारण पोस्टग्रेसमध्ये फाइलवर लिहिणारी प्रक्रिया एक आणि एफसिंक करणारी दुसरी असू शकते.

विकासकांच्या वर्तुळात हे प्रकरण ‘एफसिंकगेट’ म्हणून ओळखले गेले. लिनक्सच्या बाजूनेही एक युक्तिवाद होता आणि तो अगदीच टाकाऊ नव्हता. कोणी पेनड्राइव्ह लिहिता लिहिता उपटून नेला तर त्याची डर्टी पाने मेमरीत किती वेळ सांभाळायची? तो पेनड्राइव्ह परत येणारच नसेल तर मेमरी अडून राहील. फ्रीबीएसडी ही सिस्टीम मात्र अशी पाने डर्टीच ठेवते, त्यामुळे तिथे पुन्हा प्रयत्न करण्याला अर्थ असतो. एकाच नावाचा कॉल, वागणे दोन तऱ्हांचे. 

मग बदलले काय?

लिनक्सने 2017 मध्ये 4.13 या आवृत्तीपासून एरर नोंदवण्याची पद्धत सुधारायला सुरुवात केली होती; एफसिंकगेटनंतर त्यात आणखी दुरुस्त्या झाल्या. पण फसलेली पाने परत आणण्याची सोय त्यात नव्हती. पोस्टग्रेसने फेब्रुवारी 2019 मध्ये 11.2 आणि जुन्या शाखांच्या त्या वेळच्या आवृत्त्यांमध्ये धोरणच बदलले. डेटा फाइलचा एफसिंक फसला की पुन्हा प्रयत्न करायचा नाही. सर्व्हर थेट ‘पॅनिक’ म्हणत बंद पाडायचा आणि पुन्हा उठताना लॉगवरून सगळे बदल नव्याने लिहायचे. लॉग अजून शाबूत असतो, कारण चेकपॉइंट पूर्ण झालेला नसतो. मायएसक्यूएल आणि मोंगोडीबीच्या स्टोरेज इंजिनांनीही याच दिशेने बदल केले.

चालता सर्व्हर स्वतःहून बंद पाडणे विचित्र वाटेल, पण चुकीचा हिशेब चालू ठेवण्यापेक्षा पेढीला कुलूप परवडले. तरी प्रश्न पूर्ण सुटला असे म्हणता येत नाही. अमेरिकेतील विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये ईएक्सटी4, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस या तीन फाइल सिस्टीम आणि रेडिस, एलएमडीबी, लेव्हलडीबी, एसक्यूलाइट व पोस्टग्रेस ही पाच सॉफ्टवेअर तपासली. एफसिंक फसल्यावर त्यातल्या कोणाचीच उपाययोजना पुरेशी नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. एक कारण असे की बंद होऊन पुन्हा उठलेला प्रोग्रॅम फाइल वाचतो तेव्हा त्याला डिस्कवरचे नव्हे, तर पेज कॅशमध्ये शिल्लक असलेले पान मिळू शकते. म्हणजे वाचताना सगळे ठीक दिसते आणि संगणक रीस्टार्ट झाल्यावर ते नाहीसे होते.

आपल्या अ‍ॅपमध्ये नोंद टिकत नसेल तर आधी काय पाहावे?

वरचे सगळे वाचून कोणी लगेच डिस्कवर संशय घेऊ नये. रोजच्या अनुभवात दहा तक्रारींत बहुतेक वेळा डिस्क निर्दोष असते. पहिला प्रश्न साधा आहे: कमिट झाले का? पायथनमध्ये एसक्यूलाइट किंवा पोस्टग्रेसशी जोडणारी नेहमीची लायब्ररी वापरली तर नोंद घातल्यावर कमिट वेगळे करावे लागते. न करता कनेक्शन बंद झाले की बदल गेले. एररही येत नाही. जावाच्या जेडीबीसीमध्ये मात्र प्रत्येक आज्ञा आपोआप कमिट होते. एका भाषेची सवय घेऊन दुसरीत आलेला प्रोग्रॅमर इथे हमखास फसतो.

पोस्टग्रेसमध्ये एक आणखी फसवा प्रकार आहे. एका ट्रान्झॅक्शनमधली एखादी आज्ञा फसली की ते अख्खे ट्रान्झॅक्शन बाद होते. प्रोग्रॅमने ती एरर पकडून गिळून टाकली आणि शेवटी कमिट पाठवले, तर सर्व्हर एरर देत नाही. तो शांतपणे रोलबॅक करतो आणि उत्तरात ‘रोलबॅक’ असे लिहितो. ते उत्तर वाचणारा कोड फार थोडे लोक लिहितात. म्हणून एरर पकडून रिकामा ब्लॉक ठेवण्याची सवय सर्वात आधी मोडायला हवी.

मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमध्ये डेटासेट वापरणाऱ्यांचीही अशीच एक गंमत. डेटाबेसला बदल पाठवणाऱ्या ‘अपडेट’च्या आधी ‘अ‍ॅक्सेप्ट चेंजेस’ हा कॉल केला की सगळ्या ओळींवर ‘बदल नाही’ असा शिक्का बसतो. मग अपडेटला पाठवायला काही सापडतच नाही. तो शून्य ओळी बदलल्याचे सांगून मोकळा होतो. लिनक्सने न लिहिलेले पान स्वच्छ मानावे, तसलाच हा घोळ, फक्त वरच्या मजल्यावरचा. एंटिटी फ्रेमवर्क वापरत असाल तर ‘सेव्ह चेंजेस’च्या वेळी येणारा वरवरचा एरर संदेश कामाचा नसतो, खरे कारण त्याच्या आतल्या, म्हणजे ‘इनर एक्सेप्शन’मध्ये असते.

दुसरा प्रश्न: आपण पाहतो आहोत ती फाइल तीच का? डिप्लोमा आणि इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये रात्र खाणारा प्रश्न हाच. व्हिज्युअल स्टुडिओमध्ये डेटाबेसची फाइल प्रोजेक्टमध्ये घातली आणि ‘कॉपी टू आउटपुट डिरेक्टरी’ या सेटिंगला ‘कॉपी ऑलवेज’ ठेवले, तर प्रत्येक बिल्डच्या वेळी मूळ फाइलची ताजी प्रत ‘बिन’च्या आतल्या ‘डीबग’ फोल्डरमध्ये जाते. प्रोग्रॅम त्या प्रतीत लिहितो, विद्यार्थी सर्व्हर एक्सप्लोररमध्ये मूळ फाइल उघडून पाहतो आणि ती रिकामी. पुढच्या बिल्डला तर प्रतीवरही नांगर फिरतो. ‘कॉपी इफ न्यूअर’ केल्याने बऱ्याचदा भागते, पण मूळ फाइल मध्ये उघडली गेली आणि तिची तारीख बदलली की पुन्हा तेच. ‘डू नॉट कॉपी’ ठेवून पूर्ण पत्ता देणे जास्त खात्रीचे. एसक्यूलाइटमध्ये तर चुकीच्या पत्त्यावर फाइल नसेल तर साधारणपणे नवी कोरी फाइल तयार होते. म्हणून प्रोग्रॅम सुरू होताना डेटाबेसचा पूर्ण पत्ता लॉगमध्ये छापावा. एका ओळीचे काम आहे.

एरर संदेश काय सांगतात?

स्मार्टफोनमधल्या असंख्य अ‍ॅपच्या पोटात एसक्यूलाइट असते, त्यामुळे त्याचेच संदेश घेऊ. सर्वाधिक दिसणारा म्हणजे ‘डेटाबेस इज लॉक्ड’. एसक्यूलाइटमध्ये एका वेळी एकच जण लिहू शकतो. दुसरा आला की त्याला हे उत्तर मिळते. मूळ सेटिंगमध्ये थांबण्याची मुदत शून्य असते. पायथनची लायब्ररी ती 5 सेकंद ठेवते. मुदत वाढवणे हा पहिला उपाय, पण तेवढ्याने भागत नाही अशी एक जागा आहे. ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीला वाचन केले, मधल्या वेळात दुसऱ्याने लिहिले आणि मग आपण लिहायला गेलो, तर वॉल पद्धतीत मुदत कितीही असली तरी नकार लगेच येतो. कारण आपण वाचलेली माहिती शिळी झालेली असते. लिहायचेच आहे हे माहीत असेल तर ट्रान्झॅक्शन ‘बिगिन इमिजिएट’ने सुरू करावे. 

‘अटेम्प्ट टू राइट अ रीडओन्ली डेटाबेस’ आला की लोक फाइलची परवानगी तपासतात, ती बरोबर असते आणि डोके धरून बसतात. एसक्यूलाइटला मूळ फाइलशेजारी जर्नल किंवा वॉल फाइल तयार करायची असते. म्हणून फाइलबरोबर फोल्डरवरही लिहिण्याची परवानगी लागते. वेब सर्व्हरवर अ‍ॅप चढवताना हे वारंवार निसटते.

‘डेटाबेस ऑर डिस्क इज फुल’ या संदेशात लपवाछपवी नाही, तरी जागा शिल्लक दिसत असताना तो आला तर लिनक्सवर दोन गोष्टी पाहाव्यात. ईएक्सटी4 फाइल सिस्टीम मूळ सेटिंगनुसार 5 टक्के जागा रूट वापरकर्त्यासाठी राखून ठेवते. आणि जागा असली तरी फाइलींची संख्या, म्हणजे आयनोड, संपलेले असू शकतात. एसक्यूलाइटमधून जुन्या नोंदी पुसल्या तरी फाइल आपोआप लहान होत नाही. त्यासाठी ‘व्हॅक्यूम’ चालवावे लागते आणि त्या कामाला मूळ फाइलच्या दुपटीपर्यंत मोकळी जागा लागू शकते. जागा संपल्यावर व्हॅक्यूम सुचणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे.

पोस्टग्रेस सर्व्हरवर डिस्क भरली की संशय वॉलच्या फोल्डरवर जातो. ते फुगण्याचे कारण बहुधा वेगळे असते: लॉगची प्रत दुसरीकडे पाठवण्याचे काम अडलेले असते किंवा न वापरलेला रेप्लिकेशन स्लॉट राहून गेलेला असतो. पूर्वी या फोल्डरचे नाव ‘पीजी एक्सलॉग’ होते. ‘लॉग’ शब्द पाहून लोक त्यातल्या फाइली कचरा समजून उडवायचे आणि डेटाबेस घालवून बसायचे. म्हणून 2017 मध्ये आलेल्या 10व्या आवृत्तीत त्याचे नाव ‘पीजी वॉल’ केले गेले. 

‘डिस्क आय/ओ एरर’ आला तर मात्र खरोखर खालच्या थराकडे पाहावे: लिनक्सच्या कर्नलचा लॉग, डिस्कची स्मार्ट चाचणी, सैल केबल, नेटवर्कवरचा फोल्डर. एसक्यूलाइटची फाइल नेटवर्क ड्राइव्हवर ठेवून चार संगणकांवरून उघडणे लहान कार्यालयांत सर्रास चालते. तिथे लॉकची यंत्रणा भरवशाची नसते आणि वॉल पद्धत तर एकाच संगणकावरील प्रक्रियांसाठीच आहे.

वेगासाठी खात्री सोडावी का?

एफसिंक महाग असतो. 7200 आरपीएमची हार्डडिस्क सेकंदाला 120 फेरे मारते आणि एका पक्क्या ट्रान्झॅक्शनला साधारण दोन फेरे लागतात. म्हणजे सेकंदाला जेमतेम 60 ट्रान्झॅक्शन. 2008 मध्ये आलेल्या फायरफॉक्स 3ने ब्राउझिंगचा इतिहास एसक्यूलाइटमध्ये ठेवायला सुरुवात केली, तेव्हा लिनक्सच्या ईएक्सटी3 फाइल सिस्टीमवर प्रत्येक एफसिंकबरोबर इतर प्रोग्रॅमचाही साचलेला डेटा उतरवला जाई आणि ब्राउझर काही सेकंद गोठे. 

म्हणून लोक एफसिंकच बंद करतात. हजार नोंदी घालायला वेळ लागतो, तर त्या हजार नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घालाव्यात. पोच एकदाच मागावी लागते आणि वेग कित्येक पटींनी वाढतो. हा उपाय आधी करून पाहावा. एसक्यूलाइटमध्ये वॉल पद्धत आणि ‘सिंक्रोनस नॉर्मल’ ही जोडी मधला मार्ग आहे. त्यात वीज गेल्यास शेवटची काही ट्रान्झॅक्शन जाऊ शकतात, पण फाइल बिघडत नाही. बातम्या वाचण्याच्या अ‍ॅपला हे चालेल. पिग्मी एजंटच्या अ‍ॅपला चालणार नाही. तिथे ‘फुल’च हवे. ‘ऑफ’ हा पर्याय पुन्हा तयार करता येईल अशा डेटासाठीच. अँड्रॉइडवर साध्या सेटिंग साठवणाऱ्या शेअर्ड प्रेफरन्सेसमध्येही हीच निवड असते: ‘अप्लाय’ मेमरीत लिहून लगेच परततो आणि डिस्कवरचे यश-अपयश सांगत नाही, ‘कमिट’ थांबतो आणि हो किंवा नाही असे उत्तर देतो.

फाइल बिघडल्यावर काय करू नये?

‘डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड’ हा संदेश आला की घाईत शेजारच्या ‘जर्नल’ किंवा ‘वॉल’ शेपटीच्या फाइली पुसल्या जातात. हीच सर्वात मोठी चूक. वॉल फाइलमध्ये कमिट झालेले, पण मूळ फाइलमध्ये न उतरलेले व्यवहार असू शकतात. जर्नलमध्ये अर्धवट राहिलेला बदल मागे घेण्याची माहिती असते. ती गेली की बरी असलेली फाइलही बिघडते. बॅकअप घेतानाही मुख्य फाइल एकटी उचलून नेली तर ताजे व्यवहार मागेच राहतात. चालू डेटाबेसची प्रत एसक्यूलाइटच्या ‘बॅकअप’ सोयीने किंवा ‘व्हॅक्यूम इंटू’ आज्ञेने घ्यावी.

आधी सगळ्या प्रक्रिया बंद कराव्यात. मग मुख्य फाइल आणि तिच्या शेपटीच्या फाइली एकत्र दुसऱ्या, निर्दोष डिस्कवर कॉपी कराव्यात आणि पुढचे प्रयोग त्या प्रतीवरच करावेत. ‘इंटिग्रिटी चेक’ चालवून नुकसान किती ते कळते. फक्त इंडेक्स बिघडला असेल तर ‘रीइंडेक्स’ने काम होते. तक्तेच बिघडले असतील तर एसक्यूलाइटच्या कमांड लाइनमधली ‘रिकव्हर’ आज्ञा वाचता येईल तेवढे नव्या फाइलमध्ये काढून देते. तिच्यातून निघालेल्या नोंदी कागदी पावत्यांशी किंवा बँक स्टेटमेंटशी ताडून पाहिल्याशिवाय अ‍ॅप पुन्हा सुरू करू नये, कारण पुसलेल्या जुन्या नोंदीही त्यात परत आलेल्या असू शकतात.